लेकीचं पार्सल आणि कस्टमची ड्यूटी: कुरिअर घ्यावं की पोस्ट?

परदेशातून घरी काही येणार असेल तर पाठवणाऱ्याला आधी दोन गोष्टी सांगा. साध्या पोस्टाने पाठव, आणि किंमत खरी लिही. हे मी दोन्ही मार्गांनी पार्सलं घेऊन, दोन्हीकडचे कागद समोर ठेवून सांगतेय.

मी धुळ्याला देवपूरमध्ये राहते. लेक आणि जावई इंग्लंडात, लीड्सला. नोकरीची सगळी वर्षं मी इथल्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिला. कपाशीच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत रोजमेळ जुळवत बसायचो आम्ही, त्यामुळे आकडा दिसला की तो कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे त्या सवयीचा उपयोग झाला.

पहिलं पार्सल आलं 2023च्या हिवाळ्यात, एका मोठ्या खासगी कुरिअर कंपनीकडून. लेकीने यांच्यासाठी चालण्याचे बूट पाठवले होते, कारण गुडघ्यांमुळे इथले बूट यांना सोसत नाहीत. सोबत एक लोकरी जाकीट, माझ्यासाठी शाल, नातवाच्या हातची चित्रं आणि थोडी चॉकलेटं. तिने भाडंही भरपूर भरलं होतं, लवकर पोहोचावं म्हणून. मुंबईपर्यंत ते खरंच झटकन आलं. नंतर मोबाइलवर मेसेज: केवायसी बाकी आहे, आधारची प्रत टाका. ती त्याच दिवशी टाकली. मग काही दिवस सामसूम, आणि एके दुपारी फोन: "मॅडम, तुमची ड्यूटी निघालीय, लिंक पाठवतो, पैसे भरा म्हणजे डिलिव्हरी होईल." मी विचारलं, कशाचे किती? तर म्हणे टोटल अमाउंट लिंकवर दिसेल.

लिंकवर आकडा होता अकरा हजारांच्या वर. शेजारच्या काकू तेव्हा आमच्याकडेच बसलेल्या. त्या म्हणाल्या, "इतला पैसा कसाना?" मलाही तेच विचारायचं होतं.

मी पैसे लगेच भरले नाहीत. कंपनीला ईमेल लिहिला: कस्टमकडे तुम्ही माझ्या नावाने जो कागद भरलात त्याची प्रत द्या, आणि तुमच्या स्वतःच्या चार्जेसचं वेगळं बिल द्या. हा आपला हक्क आहे. ड्यूटी सरकारला जाते, कंपनी फक्त आपल्या वतीने भरते, म्हणून सरकारी आकडा आणि कंपनीचा आकडा वेगवेगळे दिसलेच पाहिजेत. दोनदा आठवण करून द्यावी लागली, पण कागद आला. त्याला बिल ऑफ एन्ट्री म्हणतात. त्यात वस्तूचं वर्णन, किंमत आणि प्रत्येक कराचा वेगळा रकाना असतो.

तो कागद मी टेबलावर ठेवला आणि पेन्सिल घेऊन ओळीओळीने गेले. मालाची किंमत रुपयांत जवळपास 10,000 होती, म्हणून पूर्णांकात सांगते. ड्यूटी नुसत्या मालावर लागत नाही. त्यात भाडं आणि विमा मिळवून जी रक्कम होते, तिच्यावर लागते. लेकीने भाडं याहून बरंच जास्त भरलं होतं, पण विमानाने आलेल्या मालाचं भाडं मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरायचं नाही असा नियम आहे. म्हणून 2,000 धरले होते. विम्याची पावती नसेल तर 1.125 टक्के धरतात, ते झाले 112 रुपये. म्हणजे कर लावायची रक्कम 12,112.

त्यावर त्या वेळचे दर असे. वैयक्तिक वापराच्या मालाला बेसिक ड्यूटी 35 टक्के, म्हणजे 4,239. त्या ड्यूटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 424. आता हे सगळं मूळ रकमेत मिळवायचं, होतात 16,775, आणि या बेरजेवर 28 टक्के आयजीएसटी (आयात मालावर लागतो तो जीएसटी), 4,697. तिन्ही मिळून 9,360. टक्केवारी काढली तर 77.28 पडते. लोक म्हणतात "कस्टमवाल्यांनी मनाला येईल ते लावलं", पण तसं काही नव्हतं. रुपयाचाही फरक नव्हता. कर जबर होता हे मात्र खरं. शंभराची वस्तू आणा आणि सत्याहत्तर सरकारला द्या, हे मध्यमवर्गीय घराला जड जातं, आणि करावर कर लावायची ही रीत मला आजही पटत नाही. आयजीएसटी मूळ किमतीवर लावला असता तर वेगळं. तो ड्यूटी धरून झालेल्या बेरजेवर लागतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

कर समजला, कबूल केला. उरलेला आकडा मात्र कबूल करण्यासारखा नव्हता. आमच्या वतीने ड्यूटी आगाऊ भरली म्हणून एक फी, त्या फीवर 18 टक्के जीएसटी. ही फी बहुतेक सगळ्या कुरिअर कंपन्या घेतात आणि त्यांच्या दरपत्रकात ती लिहिलेली असते, त्यामुळे तिच्याबद्दल फार बोलत नाही. पण त्याखाली आणखी एक ओळ होती, गोदामात माल पडून राहिल्याचा आकार. कारण लिहिलं होतं, ग्राहकाकडून केवायसी उशिरा. माझ्याकडे आधार टाकल्याचा त्याच दिवशीचा पोहोच-मेसेज होता. त्याचा फोटो काढून ईमेलला जोडला आणि लिहिलं की हा आकार काढल्याशिवाय मी पैसे भरणार नाही, आणि मधल्या दिवसांचाही भार माझ्यावर टाकू नका. उत्तर यायला वेळ लागला. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा. शेवटी ती ओळ काढून नवं बिल आलं. ज्याला असे कागद वाचायची सवय नाही तो माणूस लिंक दाबून मोकळा होतो. लेकीने प्रेमाने पाठवलेली वस्तू अडकलीय म्हटल्यावर कोण घासाघीस करत बसेल? या कंपनीवर माझा राग आहे तो यासाठी.

त्यांची गाडी धुळ्यापर्यंत येतही नव्हती. मुंबईहून पुढे त्यांनी दुसऱ्या एका स्थानिक कुरिअरकडे पार्सल दिलं, आणि त्या मुलाने फोन करून सांगितलं की पारोळा रोडला येऊन घेऊन जा. घरपोचचं भाडं भरलेलं असताना! त्याला नीट समजावलं तेव्हा तो घरी आला. मुलगा गरीब होता, त्याच्यावर माझा राग नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, मी तर गिफ्ट लिहिलं होतं गं." हा गैरसमज घरोघरी आहे. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तूंना ड्यूटी लागत नसे. त्या सवलतीच्या आडून परदेशी ऑनलाइन दुकानं विकलेला मालही गिफ्ट म्हणून पाठवू लागली, तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये सरकारने ती वाट बंद केली. आता गिफ्ट म्हणून बिनड्यूटी येऊ शकतात त्या दोनच गोष्टी: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. बाकी भेटवस्तू येतात, पण पूर्ण ड्यूटी भरून. राखीचं वाचून मला फार बरं वाटलं होतं. माझी लेक दरवर्षी भावाला लीड्सहून पाकिटातून राखी पाठवते आणि ती सुखरूप येते. पण नियमात स्पष्ट लिहिलंय, राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही. म्हणून पाकिटात राखी आणि अक्षता, एवढंच. चॉकलेटचा डबा त्यात घातलात की ते पार्सल झालं.

आणखी एक छोटी तरतूद आहे. एकूण ड्यूटी 100 रुपये किंवा त्याहून कमी निघत असेल तर ती वसूलच करत नाहीत. अगदी स्वस्त, हलक्या वस्तूला याचा फायदा होतो.

आता पोस्टाबद्दल. दुसरं पार्सल मी लेकीला सांगूनच पोस्टाने मागवलं. तिने तिकडच्या पोस्टात जाऊन दिलं. तिथे डब्यावर एक सीमाशुल्काचा फॉर्म चिकटवतात, कमी किमतीच्या पार्सलला सीएन 22, मोठ्याला सीएन 23. पुढचं सगळं या कागदावर अवलंबून असतं, म्हणून तो कसा भरायचा हे मी तिला फोनवर सांगितलं. "क्लोथ्स" असं मोघम लिहायचं नाही. "लोकरी स्वेटर, 1 नग, नवा", असं. प्रत्येक वस्तूपुढे तिची स्वतंत्र किंमत आणि वजन. खाली बेरीज. खरेदीची पावती डब्यात वरच ठेव आणि एक फोटो मला पाठव. किंमत कमी लिहायचा मोह सगळ्यांना होतो. पण पाच हजारांच्या बुटांपुढे पाचशे लिहिले की अधिकारी ते मानत नाही, स्वतः किंमत ठरवतो, आणि मग आपल्या हातात बोलायला काही उरत नाही. वर दंडाची भीती.

पार्सलचा नोंदणी क्रमांक तेरा अक्षरांचा असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. इंग्लंडचा असेल तर शेवटी जीबी. हाच क्रमांक तिकडच्या आणि आपल्या, दोन्ही पोस्टांच्या संकेतस्थळांवर चालतो. महाराष्ट्रात येणारं परदेशी टपाल मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरातून जातं. तिथे कस्टमचे अधिकारी बसतात, पार्सल बघतात, लागेल ती ड्यूटी लिहितात आणि पार्सल पोस्टाच्या ताब्यात देतात. तिथून पुढे ते आपल्या गावच्या टपालासारखंच येतं. यात केवायसी नाही, लिंक नाही, गोदामाचा आकार नाही. किती दिवस लागतील ते मात्र सांगता येत नाही, आणि कुरिअरच्या मानाने जास्तच लागतात. घाई असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

डबा आला तेव्हा मी तो उघडायच्या आधी नीट न्याहाळला. एका कडेने ब्लेडने सरळ कापून पुन्हा रुंद टेप लावलेली होती, टेपवर शिक्क्याची शाई थोडी पसरलेली. लेकीच्या अक्षरातला फॉर्म शाबूत, त्याच्या बाजूला पेनाने आकडे. आत सगळं जागच्या जागी होतं. स्वेटरची घडी लेकीने घातली तशी राहिली नव्हती, पण कुणीतरी काळजीने परत घातली होती. चॉकलेटचा डबा फोडलेला नव्हता.

आमचे पोस्टमनभाऊ गेटपासूनच म्हणाले, "मावशी, यान्हावर ड्यूटी शे." त्यांच्या हातात चिठ्ठी होती, त्यावर रक्कम. मी हिशेब आधीच करून ठेवला होता आणि तो जवळपास तेवढाच निघाला, वर पोस्टाची किरकोळ फी. रोख दिले, सही केली, पावती घेतली. यांनी भाऊंना पाणी दिलं, दोघांच्या पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. दर तोच, सरकार तेच. पण कुरिअरला जे हजाराच्या वर गेले होते ते इथे वाचले. शिवाय पैसे वस्तू समोर बघून दिले, मोबाइलवरच्या लिंकवर विश्वास ठेवून नव्हे.

या लिंकवरूनच महत्त्वाचं. आमच्या भिशीतल्या एका बाईंना फोन आला होता, "मी कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, ताबडतोब पैसे भरा नाहीतर अटक होईल." त्यांचं परदेशात कुणी नाही, तरी त्या घाबरून थरथर कापत माझ्याकडे आल्या. बायांनो, कस्टम खातं असं फोनवर पैसे मागत नाही, आणि कुणाच्या खासगी खात्यावर तर मुळीच नाही. खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा एक क्रमांक असतो, 2019पासून तो बंधनकारक आहे, आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम खात्याच्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा, उशीर करू नका. घरात म्हातारी माणसं असतील आणि मुलं परदेशात असतील तर हे त्यांना आवर्जून सांगा, कारण त्यांना अशी खोटी भीती सगळ्यात लवकर खरी वाटते.

दरांबद्दल चांगली बातमी आहे. मी वर दिलेला हिशेब 2023चा. 22 सप्टेंबर 2025पासून जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा वैयक्तिक वापराच्या आयात मालाचा आयजीएसटी 28वरून 18वर आला. बेसिक ड्यूटी आधी 35ची 20 झाली, आणि 1 फेब्रुवारी 2026च्या बजेटमध्ये 20ची 10 करण्याचं जाहीर झालं. म्हणजे पूर्वी दहा हजारांवर साडेसात हजारांच्या वर जायचे तिथे आता तीन हजारांच्या आसपास हिशेब येतो. मला हे मनापासून पटलं. परदेशात लेकरं असलेली घरं आता फक्त मुंबई-पुण्यात नाहीत. अमळनेर, शिरपूर, चोपडा, फैजपूर, कुठेही जा, प्रत्येक गल्लीत एखादा मुलगा कॅनडात नाहीतर जर्मनीत आहे. त्यांच्या आईबापांना दोन वस्तू हातात मिळाव्यात यात चैनीचं काही नाही. जुनी माहिती घेऊन बसलेली कुरिअरची माणसं अजून 77 टक्के सांगतात, तेव्हा बिलावरचा दर बघाच.

काय मागवावं, याबद्दलही माझं मत ठाम आहे. जाकीट, स्वेटर मागवू नका. थंडीत धुळ्याच्या रस्त्यावर लुधियानाचे स्वेटर विकायला येतात, त्यात उत्तम ऊब मिळते. बूट मात्र मागवावेत असे निघाले. यांचा सकाळचा फेरफटका, जो बंदच झाला होता, पांझरेच्या काठापर्यंत पुन्हा सुरू झाला. त्या बुटांच्या ड्यूटीचं मला एका रुपयाचंही वाईट वाटत नाही. औषधांचे दर वेगळे आणि कमी आहेत, पण डॉक्टरांची चिठ्ठी पार्सलसोबत हवीच. शेजारच्या फोटोवाल्या मुलाला लग्नाच्या शूटिंगसाठी मामाकडून ड्रोन मागवायचा होता. त्याला मी वेळीच थांबवलं. फेब्रुवारी 2022पासून परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे, ड्यूटी भरूनही येत नाही. दुकानात विकायला माल आणायचा असेल तर तेही या मार्गात बसत नाही, त्याला आयात-निर्यात कोड काढावा लागतो.

उलट दिशेने, आपण तिकडे पाठवतो तेव्हाही कर असतो. इंग्लंडात 39 पौंडांपर्यंतची खरी भेट करमुक्त जाते. म्हणून उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि नातवाचा झब्बा मी एका डब्यात कोंबत नाही. दोन वेगळ्या वेळी पाठवते आणि प्रत्येकावर खरी किंमत लिहिते.

गुण द्यायचे तर पोस्टाच्या मार्गाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेळेसाठी. त्या कुरिअर कंपनीला दोन, आणि तेही मुंबईपर्यंतच्या वेगासाठी. कागदाची प्रत आणि सुटं बिल न मागता पहिल्याच ईमेलला पाठवू लागले तर मी हे गुण वाढवीन. तोवर कुणाला कुरिअरशिवाय गत्यंतर नसेल, तर पैसे भरण्याआधी हे तीन शब्द लिहून पाठवा: "बिल ऑफ एन्ट्री". आधारची प्रत टाकल्याचा मेसेज पुसू नका. नंदुरबार आणि भुसावळकडच्या कुणी नव्या दराने पार्सल सोडवलं असेल तर ड्यूटीचा आकडा आणि महिना जरूर कळवा, मला तो ताडून बघायचा आहे.